पेन्सिलचा गोल

‘रूटीन’ हा शब्द माझ्यासमोर कुणी काढू नका. परवा एका बाईंनी फोनवर साधं विचारलं, "आता रूटीन तपासणी सुरू झाली का हो?" आणि मी त्या बिचारीवर अशी खेकसले की तिने फोनच ठेवून दिला. मग मीच उलटा फोन करून माफी मागितली. तिची काय चूक? चूक कुणाची ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

बावीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. शिकलेली नर्स नाही हं, पण तोंडात थुंकी ओढायची नळी धरणं, आरसे-चिमटे उकळणं, कार्डं काढणं, फोन घेणं, इंजेक्शन बघून रडणाऱ्या मोठ्या बाप्यांना दटावणं, सगळं मीच. मोठे डॉक्टर होते तेव्हापासूनची. ते गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीशेजारी उभा राहिला. त्याला मी शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं. तोंडाने आता ‘अहो डॉक्टर’ म्हणते, मनात अजून ‘अरे’च आहे.

मोठ्या डॉक्टरांच्या दोन पद्धती होत्या. माणूस कशासाठीही येवो, कवळी मोडली म्हणून नाहीतर दाढ ठणकते म्हणून, आधी त्याची जीभ बघायची. जिभेचं टोक गॉजच्या तुकड्यात मी धरायचं, डॉक्टर डावीकडून, उजवीकडून, खालून बघायचे. काही खटकलं की म्हणायचे, "सिस्टर, गोल." की मी कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने गोल काढायचा. गोल म्हणजे पंधरा दिवसांत पुन्हा बघायचं, आणि बोलावणं आपण करायचं, पेशंटवर सोडायचं नाही. "दुखलं की माणूस धावत येतो, सिस्टर. ज्याला दुखत नाही त्याला आपण आणायचं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

दुसरी पद्धत म्हणजे घरचा माणूस शेवटी. डॉक्टरांची बायको असो नाहीतर माझा नवरा, रांगेतल्या शेवटच्या पेशंटनंतर. या पद्धतीचा मला फार अभिमान. शेजारीपाजारी, नात्यातले, कुणी म्हणालं, "बघ ना गं जरा, तुझ्या ओळखीने आधी घेतील," की मी नाकाने कांदे सोलायला तयार. "आमच्याकडे वशिला चालत नाही!"

आता आमच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते. तेव्हा बस डेपोत चौकशीच्या खिडकीत असायची आणि माइकवरून गाड्या सांगायची. आवाज असा की पेंगणारं माणूस पिशवी उचलून धावत सुटेल. घरातही तेच. "वहिनी, चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे, प्रवाशांनी त्वरा करावी!" जीभ म्हणजे पट्टा. वीस वर्षं आम्ही भांडतोय आणि वीस वर्षं एका ताटलीत बिस्किटं खातोय. माझ्या बाळंतपणात माझ्या उशाशी आई नव्हती, वन्सं होत्या.

साथ आली त्याच्या चार दिवस आधी वन्सं दवाखान्यात आल्या होत्या. अर्थात शेवटी बसून. दाढेचा तुकडा मोडला होता आणि त्याची धार जिभेला लागत होती. डॉक्टरांनी दाढ घासून गुळगुळीत केली. मी जीभ धरली. उजव्या बाजूला, मागे, मसुराएवढा पांढरा डाग.

"घर्षणाने झाला असेल," डॉक्टर म्हणाले. "दाढ घासली आहे, बहुतेक जाईल. पंधरा दिवसांनी बघू. सिस्टर, गोल."

मी गोल काढला. माझ्या हाताने. पाचव्या दिवशी सगळं बंद झालं.

दवाखान्यांना हुकूम आला. दातांची कामं थांबवा, मशीन फिरलं की पेशंटच्या तोंडातले तुषार खोलीभर उडतात. ते खरंच होतं, मी त्याबद्दल ब्र काढणार नाही. फक्त तातडीचं असेल तेवढं घ्या म्हणाले. तातडीचं म्हणजे काय, त्याची एक यादी आली आणि फोन माझ्या घरी वळवला. मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून फोन घ्यायची. दुखतं का? सूज आहे का? रक्त थांबत नाही असं आहे का? नाही? मग रूटीन. थांबा, सुरू झालं की कळवू. दिवसाला तीस-तीस वेळा. दुखतं का, दुखतं का, दुखतं का. माझा नवरा झोपेत कण्हला तरी माझ्या तोंडून तेच निघायचं.

त्याच दिवसांत डॉक्टरांनी लॅपटॉप आणि कार्डांची खोकी माझ्या घरी पाठवली. "रिकामा वेळ आहे तर सगळी कार्डं यात चढवून घ्या, सिस्टर. उघडल्यावर यादी आपोआप लागेल." अकराशे कार्डं. एका बोटाने टाइप करणारी मी, पण चढवली सगळी. नाव, फोन, काय काम बाकी, दुखतं की नाही. चौकटी ठरलेल्या. पेन्सिलच्या गोलाला त्यात चौकट नव्हती. मी विचार केला, गोल म्हणजे काय, तपासणीच ना? मग ‘काम’ या चौकटीत लिहिलं, तपासणी. ‘दुखतं का’ या चौकटीत, नाही. वन्संचंही कार्ड असंच चढवलं. शेवटचं कार्ड झालं तेव्हा वन्संनीच ओट्यासमोर उभं राहून जाहीर केलं, "अकराशे प्रवासी सुखरूप पोहोचलेले आहेत!" आणि मी हसून हसून लॅपटॉपवर चहा सांडणार होते.

आता जे सांगते ते सांगताना आजही मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मध्ये एकदा, जेवताना, वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तो डाग आहे गं अजून. जरा मोठा झालाय की काय कोण जाणे."

मी फोनच्या सवयीने विचारलं, "दुखतं का?"

"नाही. गरम चहासुद्धा झोंबत नाही."

"मग नंबर आल्यावर बघू. लोकांच्या दाढा सुजल्यात, त्यांनाच कसंबसं घेतायत."

"हो बाई," वन्सं म्हणाल्या, "तुझ्याकडे वशिला चालत नाही."

दोघी हसलो. मी ताट घेऊन उठले. ‘ज्याला दुखत नाही त्याला आपण आणायचं’ हे मोठ्या डॉक्टरांचं जे वाक्य झोपेतही म्हणून दाखवीन, ते माझ्याच घरात, माझ्याच पाटावर, मला आठवलं नाही.

साडेतीन महिन्यांनी पत्र आलं, दवाखाने टप्प्याटप्प्याने उघडा. आधी तातडीचे, मग अर्धवट राहिलेली कामं, मग शेवटी रूटीन. मशीन वापरलं की खिडक्या उघडून खोली एक तास रिकामी ठेवा. म्हणजे दिवसाला जेमतेम सहा पेशंट. आम्ही अंगभर प्लास्टिकचे झगे चढवले, तोंडावर मास्क, त्यावर ढाल. आत घामाच्या धारा. लॅपटॉपने यादी लावली. दुखणारे वर, अर्धवट कामं मधे, तपासणी तळाला. तळातल्यांचा नंबर अकरा आठवड्यांनी.

पहिल्या आठवड्यात दुखणारे संपले आणि अर्धवट कामं सुरू झाली. त्यात एक बाई होत्या. पुढच्या दाताला टोपी बसवलेली, पण रंग जुळला नव्हता. यादीत ‘अर्धवट’ म्हणून त्या वर आल्या. खुर्चीत बसून आरशात बघत म्हणतात, "अजून एक छटा पांढरा हवा होता, नाही का?" मास्क लावून हिंडण्याचे दिवस, बाईंचे दात बघणार कोण, पण असो. त्यांचा जुना फोटो लॅपटॉपवर मिळेना, म्हणून डॉक्टर म्हणाले, जुनं कार्ड काढा. मी खोक्यात बोटं चालवली आणि मधेच एक कार्ड वर आलं. वन्संचं. कोपऱ्यात पेन्सिलचा गोल.

ढालीवर वाफ धरली, समोरचं दिसेना. बोटांवर महिने मोजले. पंधरा दिवस म्हणाले होते डॉक्टर.

रंगवाल्या बाई गेल्यावर मी सगळी खोकी उपसली. गोल असलेली नऊ कार्डं निघाली. नऊ माणसं, आणि नऊच्या नऊ मी माझ्या एका बोटाने यादीच्या तळाला नेऊन बसवलेली.

डॉक्टर आपल्या खोलीत झगा सोडवत होते. मी कार्डं टेबलावर ठेवली. "या नऊ जणांना उद्या बोलवायचं."

त्यांनी कार्डं चाळली. "तपासणी आहे ना? तो टप्पा अजून यायचाय."

"गोल आहे त्यांच्यावर."

"सिस्टर, दुखतंय का कुणाला?"

अहो, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! कुणाच्या मुलाने विचारावं हे? "तुमच्या वडिलांनी हा प्रश्न ऐकला असता ना, तर याच खोलीत तुमचा कान पिळला असता," मी म्हणाले.

ते लाल झाले. "बाबांच्या वेळी साथ नव्हती. हुकूम लेखी आहे. उद्या कुणी तक्रार केली, बाहेर दहा माणसं दिसली, तर दवाखान्याला कुलूप लागेल. मग दुखणाऱ्यांनी कुठे जायचं? आणि यात तुमच्या नणंदेचं कार्ड आहे, ते दिसलं मला. घरच्यांसाठी रांग मोडायची? तुम्ही?"

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. कारण गप्प बसण्यासारखं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पण गप्प बसायची वेळ मी त्या दिवशी जेवतानाच वापरून टाकली होती.

"रांग मोडायची नाही," मी म्हणाले. "रांग मीच चुकीची लावली. मला सांगा, जीभ बघायला मशीन लागतं?"

"नाही."

"तुषार उडतात?"

"तसे नाही."

"मग एक तास खोली रिकामी असताना तुम्ही इथे बसून काय करता? पंखा बघता! आणि ती तासभर रिकामी खोली दिवसातून सहा वेळा. बघायला काय लागतं? आरसा, गॉज आणि दोन डोळे."

"उद्या बोलू," डॉक्टर म्हणाले. हे त्यांचं लहानपणापासूनचं. अभ्यास कर म्हटलं की, उद्या.

मी उद्याची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी नऊही जणांना फोन केले. पहिल्यांदा ‘दुखतं का’ न विचारता. एकाचा फोन लागलाच नाही. एक बाई मुलीकडे अडकून पडल्या होत्या, त्यांना म्हटलं, तिथल्या कुठल्याही डॉक्टरला जीभ दाखवा, आज दाखवा. सात जण येतो म्हणाले. सातव्या आमच्या वन्सं, वरच्या खोलीतून खाली येत.

"का गं, माझा नंबर अकरा आठवड्यांनी आहे ना?"

"उद्या यायचं. डोकं खाऊ नका," मी म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही.

दवाखान्याच्या मागे एक लहान अंगण आहे. तिथे मशीनला हवा देणारा कॉम्प्रेसर, मोडकी फिरती खुर्ची आणि पाण्याची टाकी. मी सकाळी लवकर जाऊन झाडून घेतलं, सात स्टुलं लांब लांब मांडली. ऊन स्वच्छ पडलं होतं, दिवा लागणार नव्हता. पहिल्या पेशंटचं मशीन बंद झालं, खोली तासाभरासाठी मिटली, आणि मी डॉक्टरांसमोर ट्रे धरला. सात आरसे, सात गॉज, हातमोजे.

"हे काय?"

"मागच्या अंगणात सात जण बसलेत. सहा-सहा फुटांवर. तुम्ही नाही बघितलंत तर मी आज झगा उतरवून घरी जाते, आणि नळी धरायला तुम्ही त्या लॅपटॉपला बोलवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कामावरून काढणार हे नक्की. मग ट्रे घेतला. रागारागानेच, पण घेतला. बापाचं रक्त कुठेतरी असतं म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं.

पहिला गवंडी. त्याचा डाग गेला होता, पूर्ण. दुसऱ्या शिक्षिका, नुसता दातांचा वळ. तिसरे, चौथे, ठीक. पाचव्याला तंबाखू सोड म्हणून डॉक्टरांनी दम भरला आणि महिन्याने ये म्हणाले. सहाव्या बाईंच्या कवळीची कड टोचत होती. प्रत्येक बरं निघालं की मी आत श्वास सोडायची, आणि तेवढ्याच रागाने स्वतःला सांगायची, बघ, उगाच कांगावा केलास. मला कांगावाच निघायला हवा होता. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला झाडावं, वन्संनी आयुष्यभर त्यावरून चिडवावं, चालेल, फक्त कांगावा निघू दे.

सातव्या वन्सं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं करूनही मी त्यांना शेवटीच बसवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीने.

"आ करा," मी म्हणाले. गॉज घेतला, जीभ धरली, हलकेच बाहेर ओढली. डावीकडे वळवली, तर ती नेहमीसारखी वळेना. मग उजवी कड दिसली. मसूर राहिला नव्हता. कडा उचललेली, मध्ये लाल खड्डा. आणि गॉजमधून, हातमोज्यामधून, माझ्या बोटाला कळलं ते. ती जागा कडक होती. बावीस वर्षं जिभा धरल्यात मी. मऊ काय आणि कडक काय, हे मला कुणी शिकवायला नको.

डॉक्टरांनी बोट लावलं, मग गळ्याखाली चाचपलं. एका जागी बोट थांबलं. कॉम्प्रेसर चालू झाला आणि बंद पडला.

मी जीभ सोडली. वन्सं म्हणाल्या, "काय गं वहिनी? अशी का बघतेस? बोल ना काहीतरी."

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस असं आहे?"

"तुम्ही बघितलंत तेव्हापासून आहेच की," वन्सं म्हणाल्या. "पण दुखत नाही हो अजिबात. हिने विचारलं होतं मला."

हिने विचारलं होतं मला. मी टाकीकडे तोंड करून उभी राहिले.

डॉक्टरांनी त्याच मिनिटाला मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिथलं कुणीतरी ‘रूटीन’ म्हणालं असावं, कारण हा शांत मुलगा अंगणभर ऐकू जाईल असा ओरडला, "रूटीन नाही! आज बघा!" पण बैल गेला आणि झोपा केला, त्याला आता काय करायचं?

तुकडा काढून तपासला, आठवड्यात उत्तर आलं, तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. जिभेचा तिसरा हिस्सा गेला, मानेतल्या गाठी काढल्या. तिथल्या सर्जन बाई सरळ बोलणाऱ्या. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, "पंधरा दिवसांत आल्या असत्या तर नखाएवढं काढून भागलं असतं." मला कुणी धीर द्यायला येऊ नका. साथीमुळे झालं, सगळ्यांचंच झालं, म्हणू नका. साथीने दवाखाना बंद केला, कबूल. गोलाचा अर्थ ‘तपासणी’ साथीने लिहिला नाही. तो मी लिहिला.

डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. त्यांनी लॅपटॉपमध्ये गोलाची चौकट करून घेतली, सगळ्यात वर, लाल रंगाची. मला दाखवायला आले तेव्हा मी म्हटलं, "छान," आणि आरसे उकळायला गेले. ज्याचा फोन लागला नव्हता त्या नवव्या माणसाच्या घरी मी स्वतः जाऊन आले. तो बरा आहे. दारात मला बघून त्याला वाटलं मी काहीतरी वसुलीला आले.

डेपो सुरू झाला. माइकवर आता एक नवी मुलगी आहे, गाड्यांची नावं वाचून दाखवते, कुणी धावत नाही. वन्संना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. छत्र्या, डबे, एक कुबडी. घरात त्या बोलतात, थांबून, जाड शब्दांत. चहाची घोषणा होत नाही. मी चहा ठेवते आणि आपणच हाक मारते.

काल त्या दवाखान्यात आल्या, टाके आणि दात बघून घ्यायला. बाहेर चार पेशंट बसले होते. वन्सं सवयीने शेवटच्या खुर्चीकडे निघाल्या. मी त्यांचं कार्ड काढत होते, आणि माझ्या या मेल्या तोंडातून, विचार करायच्या आत, निघून गेलं, "दुखतं का, वन्सं?"

चारही माना वर झाल्या. निदान मला तरी तसं वाटलं.

वन्सं थांबल्या. ओठ जुळवले. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा म्हणाल्या, "दुखतं. आता लागेल ना गं माझा नंबर?"

आणि हसल्या. अर्ध्या तोंडाने, पण हसल्या, त्या जुन्या टवाळ डोळ्यांनी. मला हसता आलं नाही. मी चौघांकडे पाहिलं, त्यांच्यातलं कुणी काही बोलतंय का याची वाटच बघत होते. मी वन्संचा हात धरला आणि आतलं दार उघडलं.

"आधी तुम्ही," मी म्हणाले.